नागीण चेहऱ्यावर येते तेव्हा

कपाळाची एकच बाजू जळजळते आहे आणि नाकाच्या शेंड्यावर दोन-चार पाण्याच्या फोडी उठल्या आहेत, असं दिसलं की आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जावं. डोळा लाल झालेला नसला तरी जावं. लंडनचे शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी ही खूण १८६० च्या दशकात नोंदवून ठेवली. नाकाच्या शेंड्याची कातडी आणि डोळ्याचा आतला भाग या दोन्हींना एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. त्यामुळे शेंड्यावर फोड आली की विषाणू डोळ्याच्या वाटेवर आहे असं धरून चालावं लागतं. ही खूण बघायला यंत्र लागत नाही, रक्ततपासणी लागत नाही. आशा सेविकेला ती दारात उभं राहून ओळखता येईल.

तरीही करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुठेही अशा फोडी दिसल्या की पहिलं वाक्य बहुधा ‘कोळी मुतला असेल’ हे असतं आणि दुसरं ‘नागीण आहे, काव लावा’. मग गावातला किंवा शेजारच्या गावातला नागीण उतरवणारा माणूस शोधला जातो. नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं, वेढा पुरा झाला, की माणूस वाचत नाही ही भीती सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत ऐकायला मिळते. वेढा बहुतेक कधीच पुरा होत नाही, कारण हा विषाणू शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो. तो एका बाजूच्या एका मज्जातंतूत असतो आणि त्या तंतूची हद्द तिथे संपते. घाबरण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. पोटावरची किंवा पाठीवरची नागीण बहुतेकांना त्रास देऊन जाते. डोकं आणि मान इथे मात्र डोळा, कान, चेहरा हलवणारी नस, जीभ, घसा आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या वीत-दीड वीत जागेत दाटीने बसलेल्या आहेत. इथली नागीण हा कातडीचा आजार मानणं हीच मोठी चूक आहे, आणि तिची किंमत पहिल्या तीन दिवसांत ठरते.

विषाणू कांजिण्यांचाच. माणसाला होणाऱ्या हर्पिस कुळातला हा एक, नाव व्हॅरिसेला झोस्टर. ओठावर वारंवार फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स हा त्याचा भाऊबंद. कांजिण्या बऱ्या होतात पण विषाणू शरीर सोडत नाही. मणक्यांलगत आणि कवटीच्या तळाशी संवेदना वाहणाऱ्या तंतूंच्या गाठी असतात, त्यांत तो पन्नास-साठ वर्षंसुद्धा निपचित पडून राहतो. वयाने, आजाराने किंवा औषधांनी प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्याच गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या तंतूवरून कातडीपर्यंत उतरतो. उजनीच्या कालव्यावर ज्या चारीचं दार उघडावं तिच्याखालचीच शेतं भिजतात, तसं हे आहे: कोणत्या गाठीतून सुटला यावर फोडींचा पट्टा कुठे उठणार ते ठरतं.

हे कळायला बराच काळ गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ यानोश फॉन बोकाय यांच्या लक्षात आलं की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की पाठोपाठ मुलांना कांजिण्या येतात. १९०० साली हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्पबेल यांनी मृत रुग्णांच्या तंतूंच्या गाठी तपासून नागिणीचं मूळ तिथे असल्याचं दाखवलं आणि कोणत्या तंतूची हद्द कातडीवर कुठवर जाते याचा नकाशा तयार केला. १९५० च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी दोन्ही आजारांचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवून तो एकच असल्याचं सिद्ध केलं. १९६५ मध्ये मात्र सगळं कोडं एका सूत्रात बांधलं ते कुठल्या मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाने नव्हे, तर सायरनसेस्टर या छोट्या इंग्लिश गावात दवाखाना चालवणाऱ्या एडगर होप-सिम्पसन यांनी. आपल्याच दवाखान्यातल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ताडून पाहत त्यांनी मांडलं की नागीण बाहेरून लागत नाही, ती आतल्याच जुन्या विषाणूची जाग आहे. बार्शी-सांगोल्याकडे तीस-तीस वर्षं एकाच गावात बसलेले डॉक्टर आहेत, त्यांच्या वह्यांत काय काय पडून असेल, असं हे वाचताना मनात येतं.

डोक्यापुरतं बोलायचं तर मुख्य गाठ ट्रायजेमिनल मज्जातंतूची. त्याच्या तीन फांद्या: वरची कपाळ, डोळा आणि नाकाकडे, मधली गाल, वरचा जबडा आणि टाळूकडे, खालची खालचा जबडा, हनुवटी आणि जिभेकडे. यांत वरची फांदी सर्वांत जास्त वेळा सापडते. नागिणीच्या सगळ्या रुग्णांत दहा ते वीस टक्क्यांना ती डोळ्याच्या हद्दीत येते, आणि विषाणूविरोधी औषध मिळालं नाही तर त्यांतल्या साधारण निम्म्यांच्या डोळ्यालाच इजा पोचते.

सुरुवात फसवी असते. फोडी येण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं दुखतं. भुवईवर चमका येतात, केसांना हात लावला तरी कळ येते. रुग्ण अर्धशिशी समजतो, सायनस समजतो, डोक्याला बाम चोळतो. मग कपाळावर लाली, तिच्यावर फोडी, पापणी सुजून डोळा मिटलेला. डोळा मिटलेला असल्यामुळे आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलवटतो, त्याची संवेदना जाते, आत दाह होतो, डोळ्यातला दाब वाढतो. क्वचित मागचा पडदा आणि दृष्टीची नसही सापडते. बुबुळाची संवेदना गेली की मोठं संकट उभं राहतं. धूळ गेली, कापसाचा तंतू गेला तरी डोळ्याला कळत नाही, पाणी येत नाही, हात जात नाही आणि जखम चिघळत जाते. टॉवेल-चादरींच्या यंत्रमागांवर, जिथे हवेत दिवसभर तूस उडत असतं, तिथे काम करणाऱ्याच्या बाबतीत हा धोका उघड आहे. खपल्या पडून कपाळ साफ झाल्यावर काही महिन्यांनीही डोळा पुन्हा लाल होऊ शकतो, म्हणून एकदा दाखवून भागत नाही, ठरल्या तारखांना जावंच लागतं.

इथे मेडिकलच्या दुकानाबद्दल बोललं पाहिजे. लाल डोळा सांगितला की काउंटरवरून थेंबांची बाटली मिळते आणि त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. नागिणीच्या दाहात डोळ्याचे डॉक्टर स्वतः स्टेरॉइडचे थेंब देतात, पण यंत्राखाली डोळा पाहून आणि दाब मोजून. तोच लाल डोळा हर्पिस सिम्प्लेक्सच्या व्रणामुळे असला तर तेच थेंब व्रण खोल नेतात. दोन्हीत फरक करणं नुसत्या नजरेचं काम नाही. काव, चुना, कुणी वाटून दिलेला पाला पापणीवर लावला तर तो डोळ्यात उतरतो आणि आधीच सोललेल्या बुबुळावर पडतो. छातीवर काव लावून फारसं काही बिघडत नसेल, पापणीवर नक्की बिघडतं.

कानाची गोष्ट अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स रॅम्सी हंट यांच्या नावाने ओळखली जाते. चेहरा हलवणाऱ्या नसेच्या गाठीतच हा विषाणू जागा होतो हे त्यांनी १९०७ मध्ये मांडलं. कानात आणि कानाच्या पाळीवर फोडी, कानात भयंकर ठणका आणि त्याच बाजूचं तोंड वाकडं. डोळा मिटत नाही, चूळ भरली की पाणी एका कोपऱ्यातून गळतं, जिभेची पुढची चव जाते. शेजारूनच ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस जाते, म्हणून कमी ऐकू येणं, कानात आवाज आणि घरभर फिरवणारी चक्कर येऊ शकते. २०२२ च्या जूनमध्ये कॅनडाचा गायक जस्टिन बीबर याने अर्धा चेहरा हलत नसलेली स्वतःची चित्रफीत प्रसिद्ध करून कार्यक्रम थांबवले, तेव्हा हे नाव जगभर पोचलं.

आपल्याकडे तोंड वाकडं झालं की ‘वारं गेलं’ म्हणतात आणि मालीश सुरू होते. तोंड वाकडं होण्याच्या अनेक कारणांत बेल्स पाल्सी हे जास्त आढळणारं, आणि त्यातली बहुतेक माणसं सुधारतात. रॅम्सी हंटमध्ये सुधारणा तितकी हमखास नसते. जपानमधल्या ८० रुग्णांचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूविरोधी औषध आणि स्टेरॉइड पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेल्यांपैकी ७५ टक्के लोकांचा चेहरा पूर्ण सुधारला. चौथ्या ते सातव्या दिवशी सुरू झालेल्यांत हे प्रमाण ४८ टक्क्यांवर आलं आणि आठवड्यानंतर ३० वर. अभ्यास लहान आहे, पण उतार स्पष्ट आहे. म्हणून तोंड वाकडं झालेल्या प्रत्येक माणसाचा कान उजेडात नेऊन, पाळी वर उचलून बघायला हवा. चार फोडी केसांआड, कानाच्या खळगीत लपलेल्या असतात. कधी तोंड आधी वाकडं होतं आणि फोडी नंतर उठतात, कधी उठतच नाहीत. तोवर उघडा राहणारा डोळा जपावा लागतो: दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम घालून पापणीवर पट्टी.

तोंडातली नागीण दातांच्या डॉक्टरांची परीक्षा पाहते. मधल्या किंवा खालच्या फांदीत विषाणू जागा झाला की पहिले दोन दिवस दाढ दुखल्यासारखंच वाटतं. रुग्ण दाढ काढा म्हणून हटून बसतो, दाढ निघते आणि दुसऱ्या दिवशी टाळूच्या अर्ध्याच भागावर, रेघ मारल्यासारख्या मधोमध थांबलेल्या फोडी दिसतात. क्वचित जबड्याच्या हाडाचा तुकडा मरून दात आपोआप पडतात.

मानेचं तुलनेने सोपं. मानेच्या वरच्या मणक्यांतल्या तंतूंची हद्द डोक्याच्या मागच्या भागापासून कानामागून जबड्याखाली आणि खांद्याकडे उतरते. आधी दुखणं मणक्याचं मानलं जातं, पट्टा बांधला जातो, फोडी उठल्या की उलगडा होतो. घशाच्या नसांत विषाणू गेला तर आवाज बसतो, गिळताना ठसका लागतो, पण हे विरळ.

एक धोका मात्र पुरेसा बोलला जात नाही. डोळ्याच्या हद्दीतून हा विषाणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरू शकतो. तैवानमधल्या आरोग्य विम्याच्या नोंदींवरून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोळ्याजवळच्या नागिणीनंतरच्या वर्षभरात पक्षाघाताचा धोका चौपटीहून जास्त आढळला. नंतरच्या काही अभ्यासांत आकडे बरेच खाली आले, दिशा तीच राहिली. रक्तदाब असलेल्या रुग्णाने नागिणीनंतरचे महिने औषध चुकवू नये, एवढं तरी त्यातून नक्की घ्यावं.

नागीण कुणाला होते? ज्याला कांजिण्या येऊन गेल्या आहेत त्या कुणालाही. दीर्घ आयुष्य मिळालेल्या समाजांत साधारण तीनांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी ती होते आणि पन्नाशीनंतर प्रमाण झपाट्याने वाढतं. मधुमेह, कर्करोगाची औषधं आणि दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड यांनीही वाढतं. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये याच जिल्ह्यात, बार्शीला सुरू झाली. तिथे केमोथेरपी घेऊन गावी परतणाऱ्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना चेहऱ्यावरची फोड म्हणजे काय ते निघतानाच सांगून ठेवलं पाहिजे.

तरुण माणसाच्या चेहऱ्यावर नागीण आली तर आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. सोलापूर हा एचआयव्हीच्या दृष्टीने राज्यातल्या जास्त जोखमीच्या जिल्ह्यांत गणला गेला होता. नागीण हे पुष्कळदा त्या संसर्गाचं पहिलं उघड चिन्ह असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या टप्प्यांत ती दुसऱ्या टप्प्याची खूण मानली जाते. तरुणपणी डोळ्याजवळ नागीण झालेल्याला शासकीय केंद्रावरची मोफत तपासणी सुचवणं हा संशय नव्हे, ते उपचाराचं कर्तव्य आहे. बोलणाऱ्याने ते घरच्यांदेखत न बोलता एकांतात बोलावं. तपासणीत काही निघालं तर पुढची औषधंही मोफत आहेत आणि माणूस पुष्कळ वर्षं धडधाकट जगतो.

आता त्या उतरवणाऱ्याकडे वळतो. त्याच्याबद्दल तुच्छतेने लिहिण्यात अर्थ नाही. तो बहुधा पैसे घेत नाही, घेतले तर नारळ-सुपारीपुरते. तो रात्री दार उघडतो आणि घाबरलेल्या माणसाला तू बरा होशील असं सांगतो. आणि माणूस बरा होतोही, कारण नागिणीच्या फोडी काहीही न करता दोन ते चार आठवड्यांत सुकून जातात. पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास या खऱ्या अनुभवावर उभा आहे. पण फोडी सुकल्या म्हणजे नस वाचली असं नाही. औषधाचा उपयोग विषाणूची वाढ चालू असते तोवरच, म्हणजे फोडी उठल्यापासून साधारण ७२ तासांत जास्तीत जास्त. डोळ्याच्या बाबतीत उशीर झाला तरी डॉक्टर औषध देतातच, मात्र हातातून गेलेलं परत येत नाही. हे तास कुठे जातात? एक दिवस कोळ्यात, एक दिवस उतरवण्यात, एक दिवस बाजाराचा वार आणि एसटी जुळवण्यात. माझं मागणं साधं आहे: ज्याला उतरवून घ्यायचं त्याने घ्यावं, पण औषधाची पहिली गोळी आधी पोटात गेलेली असावी आणि पापणीला काही लावू नये. उतरवणाऱ्यांनाच बोलावून, मान देऊन, कपाळ, डोळा आणि कान या तीन जागांच्या फोडी दिसल्या की आधी दवाखान्यात पाठवा, असं तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने सांगितलं तर त्यातले बरेच जण ऐकतील असं मला वाटतं. आषाढीला पंढरपुरात आरोग्य शिबिरं लागतात, साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं लाखोंनी येतात. मोतीबिंदूच्या रांगेशेजारी या तीन जागांचं चित्र असलेला एक फलक लावायला खर्च तो कितीसा?

औषध जुनं आणि स्वस्त आहे. ॲसायक्लोव्हिर ज्या संशोधनातून आलं त्यात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं, आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. अडचण घेण्याची: दिवसातून पाच वेळा, साधारण सात दिवस. रात्रपाळीच्या कामगाराचा, विड्या वळता वळता घर सांभाळणाऱ्या बाईचा त्यातला एखादा डोस हमखास चुकतो. व्हॅलासायक्लोव्हिर तीन वेळा पुरतं, महाग पडतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला मात्रा कमी करावी लागते आणि सगळ्यांनीच भरपूर पाणी प्यायला हवं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा बेचाळीसच्या वर असताना, हे मुद्दाम सांगावं लागतं. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवू नयेत. फोडींवर खपली धरेपर्यंत ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशा गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळं दूर ठेवावीत. त्यांना नागीण होणार नाही, पण फोडीतल्या पाण्यामुळे कांजिण्या होऊ शकतात.

फोडी गेल्यावर उरतं ते दुखणं. तीन महिन्यांनंतरही टिकलं तर त्याला नागिणीनंतरची नसदुखी म्हणतात. वय जितकं जास्त तितकी तिची शक्यता जास्त, आणि चेहऱ्यावर ती विशेष छळते. कपाळाला पंख्याचा वारा सोसत नाही, आजीला डोक्यावर पदर घेववत नाही, आजोबांना टोपी चालत नाही, उशीवर ती बाजू टेकवता येत नाही. बाहेरून कातडी चांगली दिसत असल्यामुळे घरातल्यांना हे नाटक वाटू लागतं. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. गॅबापेंटिन, प्रिगॅबलिन, कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलीन अशी नसांवरची औषधं हळूहळू वाढवत द्यावी लागतात आणि त्यांनी झोप व चक्कर येते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना सोबत हवी. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे १९६३ पासून चालत आलेल्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या दवाखान्यात, त्वचा, नेत्र, कान-नाक-घसा असे विभाग एकाच आवारात आहेत. चेहऱ्यावरच्या नागिणीला हीच सोय लागते, कारण हा रुग्ण एका विभागाचा नसतो.

लसीची गोष्ट दोन टोकांची. कांजिण्यांची लस जपानच्या मिचियाकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. भारतात बालरोगतज्ज्ञ ती सुचवतात, पण सरकारी लसीकरणाच्या यादीत ती नाही, म्हणून ऐपत असलेल्या घरांतल्या मुलांनाच मिळते. लस घेतलेल्या मुलांना नागीणही कमी होते: अमेरिकेतल्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण ७८ टक्क्यांनी कमी आढळलं. मोठ्यांसाठीची शिंग्रिक्स ही नागिणीवरची लस २०२३ मध्ये भारतात आली, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन टोचण्या. चाचण्यांत पन्नाशीपुढे ९७ टक्के आणि सत्तरीपुढे जवळपास ९० टक्के संरक्षण दिसलं. एका डोसची किंमत हजारो रुपयांत जाते, विडी कामगार बाईच्या दोन डोसांना तिची महिन्याची कमाई पुरणार नाही. ज्यांना परवडते त्यांनी घ्यावी, विशेषतः मधुमेह असेल तर. आधी नागीण झालेल्यांनाही ती घेता येते, कारण नागीण पुन्हा होऊ शकते. मात्र आजार पूर्ण शमल्यावर घ्यावी, आणि ज्यांच्या डोळ्याला इजा झाली होती त्यांनी आधी डोळ्याच्या डॉक्टरांना विचारून, टोचल्यानंतरच्या आठवड्यांत डोळा पुन्हा तपासून घ्यावा.